मीटर १२ व्होल्ट दाखवतोय, तरी गाडीतला कॉम्प्रेसर का चालत नाही?

गेल्या पावसाळ्यात ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांकडच्या कच्च्या रस्त्याला गाडी घातली होती. चिखलात चाकांची पकड वाढावी म्हणून चारही टायरची हवा ३२ वरून २० पीएसआयवर आणली. परत डांबरी रस्त्याला लागल्यावर बॉनेटखालच्या कॉम्प्रेसरचं बटण दाबलं. ‘टक्’ असा आवाज आला, मोटर क्षणभर घुमली आणि गप्प. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा प्लास्टिक जळल्याचा वास आला, मग मात्र मी बटणाचा नाद सोडला.

पुढे घाट उतरून सातारा आणि तिथून महामार्गाने कराड, पेठ नाका, सांगली असा प्रवास होता. कमी हवेवर वेगात गेलं तर टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि टायर फुटू शकतो. त्यामुळे सातारपर्यंत सायकलच्या वेगाने आलो, पंक्चरवाल्याकडे हवा भरली आणि सांगलीला पोहोचायला रात्र झाली.

गाडी जुनी घेतलेली आहे. कॉम्प्रेसर आधीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतला होता. सकाळी मल्टिमीटर काढला. कॉम्प्रेसरचा प्लग सोडवून, बटण चालू करून मोजलं तर १२.६ व्होल्ट. अर्थिंग तपासलं तर मीटर छान ‘बीप’ वाजला. म्हणजे वायरिंग ठीक, कॉम्प्रेसर जळाला, असं ठरवून मी नव्याच्या किमती बघायला लागलो.

तेवढ्यात इस्लामपूरहून दाजी आले. त्यांचा मोटर रिवाइंडिंगचा धंदा. ते हसले. “पाव्हणं, मोटर सोडवून व्होल्टेज बघितल्यावर काय कळणार? लोड टाका की!”

मीटर खोटं बोलत नाही, अर्धंच सांगतो

शेतातली पाइपलाइन डोळ्यासमोर आणा. पाइपमध्ये गाळ साचलाय, पण शेवटचा कॉक बंद आहे. अशा वेळी गेज पूर्ण दाब दाखवतो. कॉक उघडला, पाणी वाहू लागलं, की मग दाब पडतो. वायरचंही तसंच आहे. मल्टिमीटर जवळपास काहीच करंट घेत नाही, म्हणून खराब जोडातूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. कॉम्प्रेसर मात्र २५-३० अँपिअर ओढतो आणि तेव्हा प्रत्येक खराब जोड आपला वाटा खातो.

हिशोब सोपा आहे. करंट गुणिले रेझिस्टन्स म्हणजे वाटेत हरवलेलं व्होल्टेज. जोडात फक्त ०.१ ओहम रेझिस्टन्स असेल आणि करंट २८ अँपिअर असेल, तर २.८ व्होल्ट तिथेच गेले. मीटरची बीप तर यापेक्षा कितीतरी जास्त रेझिस्टन्सलाही वाजते. म्हणून बीप म्हणजे ‘वायर तुटलेली नाही’ एवढंच. ‘वायर लोड पेलते’ असा तिचा अर्थ नाही.

रात्री लाइन कमी व्होल्टेजची असली की विहिरीवरची मोटर नुसती घुमते, उचलत नाही आणि तापते. माझा कॉम्प्रेसर नेमकं तेच करत होता.

तपासणी कशी करायची?

आधी सर्किट समजून घ्या. डॅशबोर्डवरचं बटण कॉम्प्रेसरला थेट करंट देत नाही. ते रिलेला इशारा देतं. पंपाच्या स्टार्टरमध्ये हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टर ओढला जातो, तसंच हे. रिलेच्या ८५ आणि ८६ या पायांत कॉइल असते. ३० नंबरच्या पायावर बॅटरीचा करंट येतो आणि ८७ वरून तो कॉम्प्रेसरला जातो. एअर टँक असेल तर कॉइलच्या वाटेत प्रेशर स्विचही असतो. टँक भरला की तो कॉइल सोडतो.

१. ‘टक्’ आवाज ऐका. आवाज आला तर बटण, प्रेशर स्विच आणि कॉइल बहुधा ठीक आहेत. नाही आला तर बटणाचा फ्यूज, कॉइलचं अर्थिंग आणि प्रेशर स्विच बघा. टँक रिकामा असताना प्रेशर स्विचची बीप वाजायला हवी. तो कायमचा बायपास करून ठेवू नका. टँकमधला दाब मग कुणीच थांबवत नाही.

२. इंजिन चालू करून, कॉम्प्रेसर जोडलेला ठेवून मोजा. सगळी मोजमापं बटण चालू असतानाच, काही सेकंदांत घ्या. पंखा आणि बेल्टपासून वायरी आणि बाह्या लांब ठेवा.

३. प्लस बाजू. मीटरची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी कॉम्प्रेसरच्या प्लसला लावा. आकडा जितका लहान तितका चांगला. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर मी ठीक मानतो.

४. मायनस बाजू. तसंच कॉम्प्रेसरचा मायनस आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मोजा. ही बाजू बहुतेक जण तपासतच नाहीत.

माझ्या गाडीत बॅटरीवर १३.६ व्होल्ट होते. प्लस बाजूला ०.९ आणि मायनस बाजूला तब्बल ३.४ व्होल्ट हरवत होते. कॉम्प्रेसरला उरले ९.३.

करंट मोजायला क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर तो डीसी मोजतो का, हे आधी बघा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात. दाजींच्या मीटरवर २८ अँपिअर आले. ३.४ गुणिले २८ म्हणजे सुमारे ९५ वॉट. २५ वॉटच्या जवळपास चार सोल्डरिंग आयर्नची उष्णता एका बोल्टवर! वास कुठून येत होता ते कळलं.

काय सापडलं?

अर्थिंगचा लग इनर फेंडरवर रंगाच्या थरावरच आवळला होता. त्यात साताऱ्याच्या पश्चिमेकडचा पाऊस आणि जांभ्या मातीचा चिखल. बोल्ट काढला तर खाली नुसता गंज. प्लसला २.५ स्क्वेअर एमएमची वायर, सुमारे चार मीटर फिरवून आणलेली. एवढ्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स ०.०२९ ओहमच्या आसपास, म्हणजे ०.८ व्होल्ट वायरच खाणार.

खरी भीतीची गोष्ट पुढे होती. त्या बारीक वायरवर ४० अँपिअरचा फ्यूज बसवलेला. आधी लहान फ्यूज उडत असावा, म्हणून कुणीतरी मोठा घातला असेल. टेप सोलली तर फ्यूज होल्डरजवळचं इन्सुलेशन मऊ पडलेलं. फ्यूज कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. वायर बारीक आणि फ्यूज मोठा असेल, तर वायरच फ्यूजचं काम करते आणि शेजारी डिझेलचा पाइप असतो.

दुरुस्ती

आधी बॅटरीचा मायनस सोडवला आणि जोडताना तो सगळ्यात शेवटी जोडला. प्लस आणि मायनस दोन्हीकडे १० स्क्वेअर एमएमची वायर घेतली, लग नीट पंच करून घेतले. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात बसवला. ४० अँपिअरचाच, पण आता वायर त्याला साजेशी आहे. अर्थिंग थेट बॅटरीला नेलं. नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर सेन्सर असेल तर तिथे जोडू नका. पत्रा चकचकीत घासून बॉडीच्या अर्थिंग पॉइंटवर जोडा आणि वरून ग्रीस लावा.

आता चालू कॉम्प्रेसरवर १३.१ व्होल्ट मिळतात. मोटर तीच आहे. चार टायर पाव तासात भरतात.

समजा तुमच्याकडे व्होल्टेज पूर्ण मिळतंय आणि तरी मोटर घुमतेच, तर हवेचा पाइप सोडवून बघा. तेव्हा ती फिरली तर दोष वायरीत नाही. चेक व्हॉल्व्ह अडकून पाइपमधला दाब मोटरला उचलू देत नाहीये.

सेकंडहँड गाडीत आधीच बसवलेला कॉम्प्रेसर असेल, तर पहिल्या ट्रिपच्या आधी दोनच गोष्टी करा: फ्यूजचा आकडा आणि वायरची जाडी जुळते का ते बघा आणि लोडवर मायनस बाजू मोजा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि जळका वास आला तर पुन्हा बटण दाबू नका. मी तिसऱ्यांदा दाबलं होतं, चौथ्यांदा दाबलं असतं तर कदाचित गाडी पठारावरच राहिली असती.