दुखऱ्या पायाला आधार: माहुलच्या घरांत चालण्याचे साधन निवडताना

पाय मोडल्यावर कुबड्या घ्याव्यात, वॉकर घ्यावा की व्हीलचेअर, हे ठरवण्याआधी एक गोष्ट नक्की व्हावी लागते: दुखऱ्या पायावर किती भार टाकायचा. हाड कोणते मोडले, ते प्लास्टरने धरले आहे की आत रॉड किंवा पट्टी घातली आहे आणि त्याला किती आठवडे झाले, यावर हे प्रमाण ठरते. ते डॉक्टरांनीच सांगायचे असते. भाराच्या पायऱ्या साधारण पाच आहेत. पहिलीत पाय जमिनीला टेकवायचाच नाही. दुसरीत तोल राहावा एवढ्यापुरता चवडा टेकवायचा, तिसरीत थोडा भार टाकायचा, चौथीत सोसेल तेवढा आणि पाचवीत पूर्ण. केसपेपरवर ही सूचना एका ओळीत आणि बहुधा आद्याक्षरांत लिहिलेली असते. ‘एनडब्ल्यूबी’ असेल तर पाय टेकवायचा नाही. घरी सोडण्याच्या गडबडीत ती ओळ समजून घ्यायची राहून जाते आणि घरचे लोक अंदाजाने साधन आणतात. ‘थोडा भार’ म्हणजे किती, हे कळण्यासाठी फिजिओथेरपिस्ट वजनकाटा वापरतात. रुग्णाने आधार धरून उभे राहायचे, दुखरा पाय काट्यावर ठेवायचा आणि सांगितलेला आकडा येईपर्यंतच दाबायचा. तो दाब काही वेळा अनुभवला की पायाच्या लक्षात राहतो.

दुसरा निर्णय घर पाहून होतो. तो किती महत्त्वाचा असतो, हे चेंबूरच्या दक्षिणेला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुंपणाला लागून असलेल्या माहुलमध्ये चांगले दिसते. इथे वस्तीच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा आहेत. एक म्हणजे खाडीकाठचे जुने आगरी-कोळी गाव. तिथे अरुंद गल्ल्या, दारापुढे ओटा, दाराला उंबरा आणि पावसाळ्यात ओली राहणारी फरशी. दुसरी म्हणजे प्रकल्पग्रस्तांसाठी उभारलेली 72 सात मजली इमारतींची वसाहत. तानसा जलवाहिनीलगतची घरे तोडल्यावर 2017 पासून अनेक कुटुंबे इथे आणली गेली. घर सुमारे 225 चौरस फुटांचे: एक खोली, स्वयंपाकाची जागा, मोरी आणि संडास. इथली हवा राहण्यायोग्य आहे का, हा वाद राष्ट्रीय हरित लवादापुढे आणि मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला, तो सर्वांना माहीत आहे. लिफ्ट बंद पडते, ही रहिवाशांची तितकीच जुनी तक्रार आहे. पाय मोडलेल्या माणसासाठी तीच तक्रार सर्वांत जवळची ठरते.

म्हणून दुकानात जाण्याआधी मोजपट्टी घेऊन घर मोजावे. संडासाच्या आणि मोरीच्या दाराची रुंदी मोजताना चौकटीच्या आतली मोकळी जागा धरावी. दार पूर्ण उघडत नसेल तर उघड्या दाराची जाडी त्यातून वजा करावी. लहान घरांत हे दार पुष्कळदा दोन-सव्वादोन फुटांचे असते. घडीच्या साध्या वॉकरची खालच्या पायांमधली रुंदी 55 ते 60 सेंटिमीटर भरते, म्हणजे जवळजवळ दोन फूट. 18 इंची बैठकीची व्हीलचेअर चाकांसह 24 ते 26 इंच होते. त्यामुळे दुकानात छान वाटलेला वॉकर संडासाच्या दारात अडतो आणि व्हीलचेअर तर खोलीतच अडकून पडते. पलंगापासून संडासापर्यंतची वाट, मधला कपाटाचा कोपरा, उंबऱ्याची उंची, मोरीचा कठडा आणि लिफ्ट बंद असताना चढाव्या लागणाऱ्या पायऱ्या एका कागदावर लिहून घ्याव्यात. एका मजल्याला सोळा पायऱ्या धरल्या तरी सातव्या मजल्यापर्यंत त्या शंभराच्या पुढे जातात.

भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्याचा विचार चालण्याच्या साधनाच्याही आधी करावा. पाय टेकवता येत नसताना उकिडवे बसणे शक्य नसते. मधोमध भोक असलेली, भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची त्यासाठी मिळते. आत जागा नसेल तर ती पलंगाजवळ ठेवून खालचे भांडे वेगळे रिकामे करावे लागते. संकोचामुळे अनेक घरांत हा विषय शेवटपर्यंत टाळला जातो. मग रुग्ण पाणी पिणे कमी करतो आणि रात्री एकटाच उठून पडतो. मोडलेले हाड दुसऱ्यांदा मोडण्याची भीती संडासाच्या वाटेवर सर्वांत जास्त असते, त्यामुळे पैसे मोजके असतील तर पहिला खर्च कमोड खुर्चीवर करावा.

भार आणि घर दोन्ही कळले की साधनाची निवड बरीच सोपी होते. चार पायांचा वॉकर सर्वांत स्थिर. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांना, तोल जाणाऱ्यांना आणि हातात फार ताकद नसलेल्यांना बहुधा तोच दिला जातो. पुढच्या पायांना चाके असलेला वॉकर उचलावा लागत नाही. पण पाय टेकवायचाच नसेल तर तो पुढे पळण्याचा धोका असतो, तेव्हा चाकांशिवायचाच घ्यावा. वॉकरची मर्यादा एकच, पण मोठी आहे: तो जिन्यावर चालत नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला वॉकर घरापुरता आणि खाली उतरण्यासाठी वेगळी सोय, असा हिशेब करावा लागतो.

हातात ताकद असलेल्या तरुण माणसाला नडगीच्या किंवा घोट्याच्या दुखापतीनंतर कुबड्या सोयीच्या पडतात. अरुंद दारातून त्या जातात आणि शिकून घेतल्यास जिन्यावरही चालतात. काखेतल्या कुबड्या आपल्याकडे सर्वत्र मिळतात. कोपराखाली कडे असलेल्या एल्बो कुबड्या हलक्या असतात, काखेला त्रास देत नाहीत आणि जिन्यावर जास्त आटोपशीर पडतात, पण त्यांना मनगटाची ताकद आणि तोल जास्त लागतो. काही आठवड्यांचाच प्रश्न असेल तर काखेतल्या कुबड्या पुरतात. महिनोन्महिने आधार लागणार असेल तर एल्बो कुबड्यांचा विचार करावा.

कुबडीचे माप हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. घरोघरी दिसणाऱ्या कुबड्यांपैकी कितीतरी जास्त उंच लावलेल्या असतात, कारण काखेत घट्ट बसलेली कुबडी भक्कम वाटते. प्रत्यक्षात शरीराचा भार काखेवर येताच कामा नये. तो तळहातांवर यायला हवा. काखेतून हाताकडे जाणाऱ्या नसा तिथे अगदी वरवर असतात. कुबडीच्या गादीवर लोंबकळून चालणाऱ्याच्या नसा दबतात, हाताला मुंग्या येतात, आणि दाब चालूच राहिला तर मनगट वर उचलता येत नाही. ही तक्रार बहुधा बरी होते, पण त्यासाठी आठवडे, कधी महिने जातात, आणि त्या काळात पायाबरोबर हातही निकामी होतो.

बरोबर माप असे लावावे. चांगल्या पायात रोजची, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घालून, खांदे सैल सोडून, भिंतीला टेकून उभे राहावे. कुबड्यांची टोके पावलाच्या थोडी पुढे आणि बाहेरच्या बाजूला, प्रत्येकी सुमारे 15 सेंटिमीटरवर ठेवावीत. गादी आणि काख यांच्यामध्ये दोन-तीन बोटे सहज गेली पाहिजेत. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तिथे मूठ हवी. मूठ धरल्यावर कोपर 20 ते 30 अंशांत वाकलेले असावे, कारण पूर्ण सरळ हाताला शरीर वर ढकलता येत नाही. वॉकर आणि काठी यांच्या मुठीचे मापही हेच. रुग्णाला उभे करणे शक्य नसेल तर तो झोपलेला असताना काखेच्या पुढच्या घडीपासून टाचेच्या बाहेर 15 सेंटिमीटरवरच्या बिंदूपर्यंत मोजावे. हे माप कागदावर लिहून दुकानात न्यायचे, कारण खरेदीला बहुतेक वेळा रुग्ण जातच नाही. माहुलहून पाय लांब ठेवून रिक्षात बसायचे तर मागची सगळी बैठक एकट्याला लागते. शीवच्या पुढे तर रिक्षाही जात नाही, टॅक्सी करावी लागते. नुसती ‘साडेपाच फूट उंची’ सांगून आणलेली कुबडी घरी आल्यावर पुन्हा लावून पाहिलीच पाहिजे.

मोठ्या रुग्णालयांच्या आसपास सर्जिकलची दुकाने असतात. दक्षिण मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर अशा मालाची मोठी बाजारपेठ आहे, पण एका जोडीसाठी तिथवर जाण्याचे कारण नाही. दुकानात चार गोष्टी हाताने पाहाव्यात. उंची कमी-जास्त करण्याची बटणे भोकातून पूर्ण बाहेर येतात का आणि ‘खट्’ असा आवाज येतो का. लाकडी कुबडी असेल तर पेच आणि चाकी घट्ट बसते का. वॉकर उघडल्यावर दोन्ही बाजूंचे कुलूप लागते का आणि चारही पाय एकाच वेळी फरशीला टेकतात का. शेवटी खालचे रबर: ते नळीच्या जाडीचे हवे, तळाला खाचा हव्यात आणि आत धातूची चकती असलेली बरी, नाहीतर नळीची कड रबर कापून बाहेर येते. जास्तीचे रबर तेव्हाच घेऊन ठेवावे. वजनदार माणसासाठी साधन घेताना ते किती किलो पेलते, हे लेबलवर वाचावे. विक्रेत्याचा शब्द त्यासाठी पुरेसा नाही.

व्हीलचेअरची खरेदी घाईने होते आणि पश्चात्तापाने संपते. हर्बर्ट एव्हरेस्ट या अपघातात जायबंदी झालेल्या अमेरिकन खाण अभियंत्याने हॅरी जेनिंग्ज या मित्राबरोबर 1933 मध्ये फुलीच्या आकाराच्या सांगाड्यावर मिटणारी खुर्ची तयार केली. आज सर्जिकलच्या दुकानात मिळणारी साधी खुर्ची त्याच घाटाची आहे. मिटली तरी लोखंडी खुर्चीचे वजन 15-20 किलोंच्या घरात जाते. दोन्ही पाय जायबंदी असतील, हातालाही दुखापत असेल किंवा वारंवार रुग्णालयात न्यायचे असेल तर ती हवीच. एका पायाच्या दुखापतीला, 225 चौरस फुटांच्या घरात, ती बहुधा कपडे वाळत घालायच्या कामी येते. रुग्णालयात दारापाशी खुर्ची मिळतेच, आणि अधूनमधून लागणारी खुर्ची भाड्याने आणता येते.

भाड्याचा हा मार्ग मुंबईत चांगला रुळलेला आहे आणि तो पुरेसा वापरला जात नाही. ज्येष्ठ नागरिक संघ, गणेशोत्सव मंडळे, देवस्थाने आणि सेवाभावी संस्था ठिकठिकाणी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालवतात. वॉकर, कुबड्या, कमोड खुर्ची, पलंग, व्हीलचेअर अशी साधने अनामत रक्कम घेऊन नाममात्र शुल्कात मिळतात आणि परत केल्यावर अनामत मिळते. दोन-तीन महिन्यांच्या गरजेसाठी हाच शहाणपणाचा मार्ग. सरकारी योजनांचा उपयोग इथे मर्यादित आहे. केंद्राच्या 1981 पासूनच्या ‘एडिप’ योजनेत साधने मिळतात ती किमान 40 टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांना. जुळून येणारे हाड त्यात बसत नाही. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, तीत काठ्या, एल्बो कुबड्या, वॉकर आणि व्हीलचेअर शिबिरांमधून दिल्या जातात. पण शिबिराची तारीख हाड मोडण्याच्या तारखेशी जुळेलच असे नाही.

साधन घरात आल्यावर जिना शिकावा लागतो, आणि तो फिजिओथेरपिस्टच्या देखत शिकावा. चढताना चांगला पाय आधी, मग दुखरा पाय आणि कुबड्या. उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी, मग चांगला पाय. कठडा भक्कम असेल तर एका हाताने कठडा धरावा आणि एकच कुबडी दुसऱ्या काखेत ठेवावी. दुसरी सोबत्याने आणावी. सोबत्याने नेहमी रुग्णापेक्षा खालच्या पायरीवर राहावे. पाय टेकवायचा नसेल आणि मजले बरेच असतील तर पायरीवर बसून, दुखरा पाय पुढे धरून, हातांच्या जोरावर एकेक पायरी सरकत उतरणे सर्वांत सुरक्षित. त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावरचा रुग्ण तपासणीच्या तारखेला असाच खाली येतो, आणि पुष्कळदा तपासणीच चुकवतो. कितीही चांगली कुबडी घेतली तरी बंद लिफ्टची भरपाई होत नाही. इमारतीत असा रुग्ण असेल तेव्हा लिफ्टच्या दुरुस्तीचा अर्ज त्याच्या केसपेपरच्या प्रतीसह द्यावा.

घरातही थोडे बदल लागतात. पायपुसणी आणि सतरंज्या उचलाव्यात. मोरीतून बाहेर पडताना कुबडीची रबरे फडक्याने पुसावीत. साडी, गाऊन किंवा लुंगी घोट्याच्या वर असावी. कुबड्यांवर दोन्ही हात गुंततात, म्हणून झाकणाची बाटली आणि फोन गळ्यात अडकवायच्या पिशवीत ठेवावेत. वॉकरला पुढे कापडी पिशवी बांधता येते, पण जड नको, नाहीतर तो पुढे कलतो.

डॉक्टरांनी भार वाढवायला सांगितला की साधन बदलते. दोन कुबड्यांवरून एका कुबडीवर किंवा काठीवर येताना जवळजवळ प्रत्येक जण काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरतो, कारण मनाला तेच बरोबर वाटते. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची असते. एका पायावर उभे असताना कंबर दुसऱ्या बाजूला झुकू नये म्हणून खुब्याचे स्नायू जोराने ओढतात, आणि त्या ओढीमुळे खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या काही पट दाब येतो. विरुद्ध बाजूच्या हातातली काठी खुब्यापासून लांब असल्याने थोडाच जोर लावून ती कंबर सावरते, स्नायूंची ओढ कमी होते आणि सांध्यावरचा दाब उतरतो. काठी आणि दुखरा पाय एकत्र पुढे पडले की चालही नैसर्गिक राहते. लंगडणे थांबेपर्यंत ही काठी सोडू नये. लोकांना आपण बरे झालेलो दिसावे म्हणून ती आधीच टाकून दिली तर लंगडण्याची सवय जडते आणि कंबर दुखू लागते. साध्या काठीने तोल सावरत नसेल तर चार पायांची काठी घ्यावी, मात्र तिचे चारही पाय प्रत्येक वेळी सपाट टेकले पाहिजेत, म्हणून जिन्यावर ती धोक्याची.

रबराचा तळ गुळगुळीत झाला की ते त्याच दिवशी बदलावे. नवे आणताना जुने नमुन्याला न्यावे, म्हणजे नळीचे माप चुकत नाही. भाड्याचा वॉकर परत करताना तो पुसून, कुलूप तपासून द्यावा आणि काही सैल झाले असेल तर केंद्रात सांगावे, कारण तिथून तो लगेच दुसऱ्या कोणाच्या घरी जातो. विकत घेतलेल्या कुबड्या माळ्यावर टाकण्यापेक्षा अशाच केंद्राला दिल्या तर ती केंद्रे त्या घेतात.