खोली कुठून मोजायची?

पितळी पाटीवर नाव कोरणारं सीएनसी मशीन अक्षरांची जागा अचूक पाळतं. खोली कुठून मोजायची, हे मात्र कारागिराने सांगावं लागतं. त्यासाठी पाटीवर कागदाची पट्टी ठेवून, स्पिंडल बंद असतानाच कटर हळूहळू खाली आणतात. पट्टी अडखळत सरकू लागली की थांबायचं. साधा कागद सुमारे ०.१ मि.मी. जाड असतो. तेवढं आणखी खाली गेलं की शून्य.

खरी मेख कटरच्या टोकात आहे. ते ‘व्ही’ आकाराचं असेल, तर खोलीबरोबर रेषही रुंदावते. ९० अंशांचं अणकुचीदार टोक ०.२ मि.मी. खोल गेलं, तर वर ०.४ मि.मी. रुंद रेष दिसते. ६० अंशांचं असेल तर ०.२३ मि.मी. त्यामुळे पाटी किंचित जरी वाकलेली असली, तरी नाव एकीकडे ठसठशीत आणि दुसरीकडे पुसट उमटतं. देवनागरीत तर लांबलचक शिरोरेघ लगेच चुगली करते.

अशा वेळी कटरभोवती ‘नोज’ लावतात. ही टोपी पाटीला टेकून तिच्या चढउतारांबरोबर सरकते. कटर तिच्याखाली किती डोकावावं, ते आकडे कोरलेल्या कड्याने ठरतं. टोपीखाली कीस अडकला, तर तेवढी खोली कमी होते. गुळगुळीत पॉलिशवर मात्र नोजचा ओरखडा उठू शकतो, म्हणून आधी पाटीवर चिकट फिल्म लावावी.

दुरंगी प्लास्टिकच्या पाटीला फक्त वरचा थर भेदण्यापुरतीच खोली हवी.