टॅबांची ओळ आणि मराठी शीर्षक

ब्राउझर हे साधन आता ग्रंथालयाइतकेच संशोधनाचे अंग झाले आहे. तथापि त्याच्या रचनेविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा वेग आणि सुरक्षितता यांपुरतीच मर्यादित राहते. एकाच वेळी तीसचाळीस पाने उघडी ठेवून काम करणाऱ्या विद्यार्थ्याची जी तारांबळ उडते, तिचे कारण त्याच्या अव्यवस्थितपणात शोधण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते कारण पुष्कळ अंशी टॅबांच्या ओळीच्या घडणीत आहे; आणि मराठी वाचकाच्या बाबतीत त्यात आपल्या भाषेच्या घडणीचीही भर पडते. हा दुसरा मुद्दा भाषाभ्यासकाच्या कक्षेतला असल्याने येथे त्याचा काहीसा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. पडद्यावरील खिडक्या कागदांच्या चळतीप्रमाणे एकमेकींवर ठेवण्याची पद्धती झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात १९७० नंतरच्या दशकात आकारास आली. याच्या उलट १९८५ च्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीत खिडक्या फरशांप्रमाणे शेजारी शेजारी बसवल्या जात. दोन्ही पद्धतींत खिडक्या थोड्या असतील हे गृहीत होते. ते गृहीत टिकणार नाही हे ओळखून हेंडरसन आणि कार्ड या संशोधकांनी १९८६ साली 'रूम्स' नावाची रचना मांडली. मनुष्य खिडक्या सुट्या वापरत नसून कामागणिक त्यांचे गट वापरतो, तेव्हा प्रत्येक कामास एक स्वतंत्र दालन द्यावे, असा तिचा आशय होता. हा विचार त्या वेळी जितका सयुक्तिक होता तितकाच आजही आहे. ब्राउझरांच्या कर्त्यांना मात्र तो फार उशिरा सुचला.

टॅब हे ब्राउझरात १९९४ च्या 'इंटरनेटवर्क्स'मध्ये दिसतात. मोझिलाने ते २००१ मध्ये घेतले, आणि इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ते २००६ साली सातव्या आवृत्तीबरोबर आले. २००८ च्या क्रोमने टॅबांची ओळ पत्त्याच्या पट्टीच्याही वर, खिडकीच्या अगदी माथ्यावर नेली. यामागे एक शास्त्रीय आधार सांगता येतो. पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेल्या नियमानुसार लक्ष्य जितके मोठे व जवळ, तितके ते गाठणे सोपे. आणि पडद्याच्या काठाशी असलेले लक्ष्य उंचीच्या दिशेने जणू अमर्याद मोठे असते, कारण माउसचा बाण काठापलीकडे जाऊच शकत नाही. ही युक्ती टॅब गाठण्यापुरती खरी आहे. पण गाठण्यापूर्वी तो ओळखावा लागतो, आणि खरी अडचण तेथेच सुरू होते.

एक साधा हिशेब करून पाहू. पडदा १९२० पिक्सेल रुंद व १०८० पिक्सेल उंच आहे, आणि ४० टॅब उघडे आहेत, असे समजा. प्रत्येकाच्या वाट्याला ४८ पिक्सेल येतात. त्यांतले १६ संकेतस्थळाच्या चिन्हाचे. दोन्ही बाजूंची मोकळी जागा वजा केली की शीर्षकास एखाददुसरे अक्षरच उरते. क्रोम टॅब आक्रसत नेतो व शेवटी केवळ चिन्ह ठेवतो. फायरफॉक्स एका किमान रुंदीखाली जात नाही, पण मग काही टॅब ओळीच्या बाहेर सरकतात. पहिल्या पद्धतीत टॅब दिसतो पण ओळखू येत नाही. दुसरीत ओळखू येईल असा असतो पण दिसत नाही. राहिले चिन्ह. ते पान कोणत्या संकेतस्थळाचे एवढेच सांगते. एकाच नियतकालिक-संग्रहातील बारा लेख उघडले तर बारा टॅबांवर एकच चिन्ह. वर्गात सगळेच कुलकर्णी असावेत आणि हजेरीपत्रकात केवळ आडनावे छापलेली असावीत, तसाच हा प्रकार होय.

आता भाषेकडे वळू. जागा अपुरी पडली की ब्राउझर शीर्षकाचा शेवट कापतो आणि प्रारंभ राखतो. यात असे गृहीत आहे की शीर्षकाचा भेददर्शक भाग प्रारंभी असतो. इंग्रजीत हे पुष्कळदा खरे ठरते, कारण त्या भाषेत विशेष्य आधी आणि स्थलसंबंध दाखवणारे पद नंतर येते. मराठीत क्रम उलटा आहे. 'मराठी भाषेतील लिंगव्यवस्था', 'मराठी भाषेतील संयुक्त क्रियापदे', 'मराठी भाषेतील विभक्तिविचार' ही तीन शीर्षके घ्या. भेद सर्वस्वी शेवटच्या पदांत आहे, आणि ब्राउझर नेमकी तीच छाटतो. उरते ते तीनदा 'मराठी भाषे'. विशेषणे, षष्ठ्यन्त पदे आणि 'तील'-युक्त पदे विशेष्यापूर्वी आणणाऱ्या सर्वच भाषांना हा दंड भरावा लागतो. हिंदी, कन्नड व जपानी यांची अवस्था निराळी नाही. 'अ स्टडी ऑफ' अशी सुरुवात करणारे इंग्रजी लेखकही तो ओढवून घेतात, परंतु त्यांचा तो दोष सवयीचा आहे, व्याकरणाचा नव्हे.

याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, अरुंद जागेत ग्रंथाची ओळख कशी राखावी हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याचे उत्तरही जुनेच आहे. सुट्या पानांच्या पोथीत प्रत्येक पानाच्या समासात ग्रंथनामाचा संक्षेप व पत्रांक लिहिलेला असे. पाने विस्कटली, दुसऱ्या पोथीत मिसळली, तरी त्या दोन खुणांवरून ती पुन्हा लावता येत. लेखनिक नाव लिहिता लिहिता समास संपला म्हणून थांबत नसे. जागा पाहून ओळख पटेल असा संक्षेप तो योजत असे. संक्षेप आणि छेद यांतला हा भेद महत्त्वाचा आहे. संक्षेपात निवड असते, छेदात नसते. ग्रंथालयांच्या विषयसूचीत 'व्याकरण, मराठी' असा उलटा क्रम जो येतो, त्याचे बीजही याच गरजेत आहे.

ओळखीइतकाच संबंधांचा प्रश्न गंभीर आहे. एखाद्या लेखातील दुव्यावरून नवा टॅब उघडला तर तो सामान्यतः मूळ टॅबाच्या शेजारी येतो. कोरा टॅब मात्र ओळीच्या शेवटी जातो. म्हणजे ओळीच्या क्रमात कोणते पान कोणत्या पानातून निघाले याची वंशावळ दडलेली असते, पण ती दिसत नाही, आणि टॅब हाताने हलवताच नष्ट होते. वाक्यविचाराच्या विद्यार्थ्यास ही स्थिती परिचित वाटेल. 'जुन्या पोथ्या आणि बखरी' या पदावलीत बखरीही जुन्या आहेत की नाहीत, हे शब्दांच्या रेषीय क्रमावरून कळत नाही. त्यासाठी तिची रचना शाखांच्या रूपाने मांडावी लागते. टॅबांची ओळ ही अशीच शाखा हरवलेली पदावली आहे. फायरफॉक्ससाठीच्या 'ट्री स्टाइल टॅब' या पूरक साधनाने नेमके हेच दुरुस्त केले: टॅब डाव्या बाजूस उभ्या यादीत मांडून त्याने मूळ पान व त्यातून निघालेली पाने पायरीपायरीने दाखवली.

उभ्या यादीचा लाभ हिशेबानेही पटतो. आजचे पडदे रुंद आहेत आणि वाचनास हवी असते ती उंची. यादीस २४० पिक्सेल दिले तरी पानासाठी १६८० उरतात. एका नोंदीस ३० पिक्सेल उंची धरल्यास तीसेक शीर्षके एकाच वेळी वाचता येतात, आणि टॅब वाढले तरी शीर्षकाची रुंदी घटत नाही. मायक्रोसॉफ्ट एजमध्ये ही सोय २०२१ साली आली, फायरफॉक्समध्ये २०२५ साली. टॅबांचे गट करण्याच्या सोयीची कथा तर आणखी विचित्र आहे. फायरफॉक्सने २०११ च्या चौथ्या आवृत्तीत ती दिली, वापर अल्प म्हणून २०१६ मध्ये काढली, २०२० मध्ये क्रोमने आपल्या पद्धतीने आणली, आणि २०२५ मध्ये फायरफॉक्सने ती पुन्हा स्वीकारली.

मग पाने मिटवीत का नाहीत, असा सोपा प्रश्न विचारला जातो. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, उघडा टॅब हा लोकांच्या दृष्टीने केवळ पान नसून अपुऱ्या कामाची आठवण असतो. मिटवला तर ती वस्तू कायमची हरवेल ही भीती ओझ्याच्या त्रासापेक्षा बलवत्तर ठरते. ही भीती निराधार म्हणता येत नाही. खूणपाने साठवण्याची सोय पानाचा पत्ता राखते, पण ते का उघडले होते हे राखत नाही. शिवाय स्मृती वाचवण्यासाठी ब्राउझर न पाहिलेले टॅब आतल्या आत रिकामे करतात व परत जाताच पान नव्याने मागवतात. दरम्यान ग्रंथालयाच्या प्रवेशाची मुदत संपलेली असली तर लेखाच्या जागी प्रवेशाचा अर्ज दिसतो, आणि मूळ लेख कोणता होता हे शीर्षकावरूनही कळत नाही.

ब्राउझरची रचना बदलणे आपल्या हाती नाही. परंतु शीर्षके लिहिणे आहे. मराठी विकिपीडियावर लेखाचे नाव आधी आणि 'विकिपीडिया' हा शब्द शेवटी येतो. हा क्रम योग्य आहे. याउलट अनेक विद्यापीठीय पानांच्या शीर्षकांत संस्थेचे पूर्ण नाव, मग विद्याशाखा, मग विभाग, आणि सर्वांत शेवटी विषय अशी उतरंड असते. कागदावर ती शोभते. टॅबात मात्र सर्व पाने एकसारखी दिसतात. प्रबंधिका व टिपणे संकेतस्थळावर ठेवताना 'लिंगव्यवस्था : मराठी भाषेतील' असा क्रम घेतला तर व्याकरणाचा भंग होत नाही, आणि वीसव्या टॅबातही पहिली तीनचार अक्षरे काही सांगू शकतात. उदाहरणे 'अभ्यास', 'विचार', 'स्वरूप' या पदांनी संपत असतील तर ती पदे सरळ गाळावीत. प्रबंधिकेचे पान उघडणारा वाचक ती अभ्यास आहे हे जाणूनच आलेला असतो.