इंजिन बंद ठेवायचा रोज

पहाटे ५.४५. देवबाग, कर्लीच्या खाडीचा काठ. काका होडीत पेट्रोलचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन ठेवतात. लिटरला शंभराच्या वर पडतं. मदतीला शेजारचा पोरगा, त्याचा रोज पाचशे. आजचे प्रवासी संशोधक आहेत : कॅमेरा घेतलेली एक मुलगी आणि काळ्या पेटीला जपणारा एक मुलगा. सोबत मी. पेटीत हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात सोडायचा माईक.

६.३०. खाडीचं मुख ओलांडलं. मतलई वारा पाठीवर आहे. "दहा वाजसर दर्या थंड आसा," काका सांगतात. "मगे वारो उठात."

७.१०. पहिला थांबा. इंजिन बंद. मुलगा हातावर केबलचे वेढे सोडत माईक पाच मीटर खाली नेतो. मुलगी दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी सोडते. ती दिसेनाशी होते तिथं दोरी चिमटीत धरायची आणि मोजायची. आज दोन मीटर. पाणी गढूळ. अशा पाण्यात डोळ्यांपेक्षा कान बरे.

हेडफोन माझ्या कानाला लावतात. कढईत लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट. नांगीनं चुटकी वाजवणाऱ्या बारक्या कोळंब्यांचा हा आवाज. त्यामागे लांबच्या ट्रॉलरची धडधड. दहा मिनिटं कुणी बोलत नाही. पोरगा पाय हलवतो, तेही माईकला ऐकू जातं. त्याला खुणेनं थांबवतात.

"इंजिन बंद करूक पैशे देणारी तुमीच पयली गिरायका," काका पुढच्या थांब्याकडे निघताना म्हणतात.

८.०५. चौथा थांबा. आधी हेडफोनमध्ये 'गुर्र गुर्र' येतं. ढोमे. पोटातला भोत, म्हणजे हवेची पिशवी, थरथरवून ही मासळी वाजते. मुलगा वहीत टिपतो. मग टिकटिक सुरू होते, घाईची होत जाते आणि तेल न घातलेल्या बिजागरीसारखी करकरते. सावज जवळ आल्याची ही खूण. डॉल्फिनच्या टिकटिकीचा बराचसा भाग आपल्या कानापलीकडचा. आपला कान २० किलोहर्ट्झला थांबतो, यंत्र पुढचंही टिपतं.

पाठीला उंचवटा असलेले सहा डॉल्फिन वर येतात. एक पिल्लू. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातली ही जात, २०१७ पासून संकटग्रस्तांच्या जागतिक यादीत. कॅमेरा खटखटतो. मुलीला चेहरा नको, पाठीवरचा पंख हवा. त्याच्या कडेच्या खाचांवरून एकेक ओळखायचा.

८.४२. पर्यटकांच्या तीन होड्या येतात. हेडफोनमध्ये आता फक्त इंजिन. मुलगा वेळ आणि होड्यांची संख्या लिहितो. एका होडीवरून काकांचा पुतण्या हात करतो. काकाही करतात. रविवारी ते स्वतः याच फेऱ्या मारतात.

९.५०. बिस्किटं, थर्मासातला चहा. मुलगा डी-टॅगविषयी सांगतो. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेत घडलेलं यंत्र. लांब काठीनं ते स्पर्म व्हेलच्या पाठीवर टेकवायचं. चार रबरी वाट्यांनी ते चिकटतं, देवमाशाबरोबर किलोमीटरभर खोल जातं, आवाज आणि खोली नोंदतं. काही तासांनी सुटून वर तरंगतं. मग रेडिओच्या खुणेवरून शोधत फिरायचं.

"आणि गावला नाय तर?"

"नोंदही गेली, काका."

"म्हणजे जाळ्यासारख्याच." या होडीत तसला टॅग नाही. इथं माईकवरच भागवायचं.

१०.४०. वारा उठला. लाटांच्या माथ्यावर फेस दिसू लागला. काम बंद.

११.३०. माईक, केबल गोड्या पाण्यानं दोनदा धुतात. काकांच्या हातात तीन हजार. पेट्रोलचे साडेदहाशे, पोरग्याचे पाचशे गेले. उरले साडेचौदाशे. इंजिनाचा हप्ता त्यातूनच.

दुपारी २.३०. खोलीत पंखा, लॅपटॉप. तीनशेवर फोटो. मुलगी एकेक पंख जुन्या फोटोंशी ताडून बघते. एका पंखाच्या बुडाशी खोल, सरळ चीर.

संध्याकाळी ५.००. काका राहिलेला कॅन न्यायला येतात. पडद्यावरची चीर बघतात. "जाळ्याचोच घाव."

थोडं थांबून विचारतात, "सकाळी ढोमे खंय वाजत होते गो बाय?"

मुलगी वहीकडे बघते. चौथा थांबा. डॉल्फिनही तिथंच होते.