कर निम्मा, पहारा कडक

1763 मध्ये सप्तवार्षिक युद्ध ब्रिटनने जिंकले, पण सुमारे 7.5 कोटी पौंडांचे राष्ट्रीय कर्ज तोवर 13 कोटींवर गेले होते. महसुलाचा मोठा वाटा व्याजातच जाऊ लागला, तेव्हा पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांची नजर अमेरिकी वसाहतींच्या जकातीवर गेली. तिथे वसुलीपेक्षा वसुलीचा खर्च जास्त होता. परदेशी मळीवर 1733 पासून गॅलनला 6 पेनी कर होता. फ्रेंच बेटांवरची मळी लाच देऊन सर्रास उतरवली जाई आणि तिची रम बने. 1764 च्या साखर कायद्याने हा कर 3 पेनींवर आणला. सवलत वाटावी असाच हा बदल. पण कायद्याची खरी धार त्याच्या इतर कलमांत होती. प्रत्येक मालाला कागदपत्रे आणि जामीनखत लागू लागले, खटले ज्युरी नसलेल्या नौदल न्यायालयात नेता येऊ लागले आणि जप्त माल निर्दोष असल्याचे मालकानेच सिद्ध करायचे होते.

यावर आक्षेप असा, की हा पैसा कर्जफेडीसाठी नव्हता, अमेरिकेतल्या फौजेसाठी होता; शिवाय ब्रिटनमधल्या करदात्यावरचा बोजा कितीतरी जड होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण फौजेचा खर्च लंडनला पेलेना, तो कर्जामुळेच. आणि व्यापाऱ्याला बोचला तो पेनीचा आकडा कमी, आपले जहाज कुणाच्या मर्जीवर सुटणार हा प्रश्न जास्त. 1766 मध्ये कर 1 पेनीवर आला, तोही आता ब्रिटिश बेटांच्या मळीसकट. पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये स्वतंत्र सीमाशुल्क मंडळ बसले.