टेप आधी, कॅटलॉग नंतर

वाकोल्यातल्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावर, वन बीएचकेचं काम सुरू होतं. काकूंनी मोबाइलमध्ये जमवलेले सोफ्यांचे फोटो पुढे केले, पण डिझायनर ताईंनी ते बाजूलाच ठेवले. मास्किंग टेप घेऊन त्या फरशीवर बसल्या आणि हॉलमध्ये सात फुटी सोफ्याचा चौकोन आखला. "आता दारातून आत या, स्वयंपाकघरात जा, पाणी घेऊन या." काकूंचा पाय जाताना टेपवर पडला, येतानाही पडला. सोफा तिथल्या तिथे पाच फुटांवर आला.

तोल, प्रमाण, लय, रंगसंगती हे सगळं खरंच आहे. पण दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये आधी वावरायची वाट ठरते, अडीच फूट तरी, आणि उरलेल्या जागेत सामान. कॅटलॉगमध्ये नेमकी हीच वाट दिसत नाही, कारण तिथे घरात कोणी राहतच नसतं.

बेडरूमचा हिशेब तर फारच कडक. खोली दहा फूट. पलंग उशाच्या फळीसकट साडेसहा, कपाटाची खोली दोन. मध्ये उरला दीड फूट; म्हणजे कपाटाचं दार उघडलं की पलंगाला टेकणार. सरकत्या दारांचा पर्याय निघाला, पण त्यात एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. शेवटी पाच फुटी पलंग आडवा करून भिंतीला लावला आणि कपाटापुढे तीन फूट मोकळे मिळाले. भिंतीकडे झोपणाऱ्याने रात्री दुसऱ्याला ओलांडून उठायचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. काका हरले.

मग मिस्त्रींनी पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली. तिची दोन टोकं दोन कोपऱ्यांत धरली, पाणी स्थिरावलं तशा पेन्सिलच्या खुणा केल्या आणि तिथून खाली फरशीपर्यंत माप घेतलं. चार सुतांचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा फरक. फरशीला धरून कपाट उभं केलं असतं, तर दारं आपोआप एका बाजूला कलली असती. त्यामुळे माप भिंतीवरच्या रेघेपासून धरलं आणि फरशीचा उतार खालच्या पट्टीत जिरवला. तोल म्हणतात तो इथे येतो. दोन सारख्या फुलदाण्या मांडण्यात नव्हे.

कपाटाचा पाया प्लायचा नको, दगडाचा हवा, हा हट्ट मात्र काकूंचा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, तो वाकोला-कलिन्यातल्या तळमजल्यांच्या अजून लक्षात आहे. म्हणून ग्रॅनाइटचा पाया, प्लगचे बोर्ड कमरेच्या वर, आणि ओट्याखाली आयएस ७१० शिक्क्याचं प्लाय. नैर्ऋत्येच्या पावसाचा मारा जिथे बसतो, त्या पश्चिमेच्या भिंतीला कपाट चिकटवायचं नाही. मागे बोटभर फट सोडायची, हवा खेळायला.

रंगांसाठी ६० टक्के मुख्य, ३० टक्के जोडीचा आणि १० टक्के उठावाचा असा एक नियम सांगतात. आपल्याकडे त्या १० टक्क्यांवर कालनिर्णय, देव्हारा आणि नातवंडांचे फोटो हक्क सांगतात, हे नियम करणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. ताईंनी कालनिर्णयसाठी फ्रिजशेजारची भिंत राखून ठेवली. बाकी भिंती फिक्या पिठूर, उठाव फक्त सोफ्याच्या कापडाला. दिवे हॉलमध्ये ३००० केल्विनचे, पिवळसर. ओट्यावर ४०००चे, म्हणजे भाजी निवडताना कीड दिसते. दोन्ही एकाच खोलीत मिसळायचे नाहीत.

फॉल्स सीलिंगची हौस काकांना होती. छत नऊ फुटांचं, त्यातले चार-पाच इंच जाणार. ताईंनी तो पैसा वायरिंग आणि ट्रॉलीच्या चॅनेलकडे वळवला. चॅनेल कोणते, याचा निकाल सगळ्यात उंच आणि जड डबा ठेवून लागला: दहा किलो तांदळाचा.