ॲटोरव्हास्टॅटिन की रोसुव्हास्टॅटिन?

(लेखांक सहावा)

लिपिड प्रोफाइलचा कागद कसा वाचायचा ते गेल्या आठवड्यात पाहिलं. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेलं निघालं किंवा अँजिओप्लास्टी झालेली असली, की डॉक्टर जी गोळी लिहून देतात ती स्टॅटिन. आपल्याकडे तिला ‘चरबीची गोळी’ म्हणतात, आणि बऱ्याच घरांत ‘रक्त पातळ करायच्या गोळी’शी तिची गल्लत होते. गुठळी रोखायचं काम ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल करतात. स्टॅटिन काम करतं यकृतात.

शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीर स्वतःच बनवतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. म्हणूनच भूमचा खवा आणि मटण सोडूनही काहींचं एलडीएल फारसं उतरत नाही. त्यांना पथ्याच्या नावाने बोल लावू नये. कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या साखळीतलं एक विकर स्टॅटिन अडवतं, आणि मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त खेचून घेतं. असं पहिलं द्रव्य जपानच्या अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात बुरशीत सापडलं. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. तेव्हापासून या औषधाबद्दलची शंका मिटली.

आज चिठ्ठीवर बहुधा दोनच नावं दिसतात. त्यांत रोसुव्हास्टॅटिन जास्त जोरकस: त्याची १० मिलिग्रॅमची गोळी साधारण ॲटोरव्हास्टॅटिनच्या २० च्या तोडीची. म्हणून नुसता आकडा पाहून ‘डोस तोच आहे’ असं समजू नका. डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी साधारण सहा टक्केच उतरतं, हेही लक्षात ठेवा. मग चांगलं कोणतं? दक्षिण कोरियात ४,४०० हृदयरुग्णांना तीन वर्षं यांपैकी एकेक औषध देऊन पाहिलं. २०२३ मध्ये निष्कर्ष आला: मृत्यू, हार्ट ॲटॅक, पक्षाघात यांत दोन्ही औषधं सारखीच. रोसुव्हास्टॅटिनच्या गटात नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण थोडं जास्त होतं. किडनी फार अशक्त असेल तर ॲटोरव्हास्टॅटिनचा डोस सहसा बदलावा लागत नाही, रोसुव्हास्टॅटिनचा मात्र कमी ठेवावा लागतो. दोन्ही गोळ्या दिवसातून केव्हाही चालतात. वेळ रोजची एकच ठेवावी.

माझ्या मते आपल्या जिल्ह्यातला खरा धोका निराळाच आहे. उमरग्याचा रुग्ण सोलापूरला दाखवतो, कळंबचा लातूरला, परांड्याचा बार्शीला. पुढची तपासणी गावाजवळच्या दवाखान्यात. एकाने ॲटोरव्हास्टॅटिन लिहिलेलं असतं, दुसरा रोसुव्हास्टॅटिन लिहितो, आणि जुनं पाकीट संपायचं असतं म्हणून दोन्ही गोळ्या सुरू राहतात. त्यातच ॲस्पिरिन आणि स्टॅटिन एकत्र असलेल्या कॅप्सूलही मिळतात, त्यांच्या कंपनीच्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही. दोन स्टॅटिन एका वेळी घेतली की स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. अंग फार दुखू लागलं आणि लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सुरू करताना ॲटोरव्हास्टॅटिन चालू असल्याचं आवर्जून सांगा.

याच्या उलट घडतं तेही तितकंच वाईट. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद होते. तो नॉर्मल आलेला असतो गोळीमुळे. ती थांबवली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा चढतं. पैशांची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात हीच औषधं स्वस्तात मिळतात.

पुढच्या तपासणीला जाताना घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या. कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेलं औषधाचं नाव डॉक्टरांना दाखवा, आणि यांतली नेमकी कोणती गोळी चालू ठेवायची ते चिठ्ठीवर लिहून घ्या.